पंधराचा दर

“भट्टीचे पैसे ह्या आठवड्यात भरू का पुढच्या महिन्यात? तू सांगशील तसं करते बाय,” रुक्मामावशी म्हणाल्या आणि माझ्या ताटलीत गरम पाव ठेवला.

बुधवारची सकाळ होती आणि मी घाईत होते. “संध्याकाळी सांगते,” म्हटलं, चहा उभ्याउभ्याच प्यायले आणि बँकेत निघाले. हे साधं आश्वासन पाळता येणार नाही असं वाटायचं तेव्हा काही कारण नव्हतं.

या गोष्टीला आता तीस वर्षं होत आली. सांतोदिल हा हिंदी महासागरातला एक बेट-देश. या टोकाहून त्या टोकाला मोटारीनं दीड तासात पोचता येतं आणि वस्ती आपल्या कोल्हापूर शहराहून कमी. मी मुंबईत एका बँकेच्या संशोधन विभागात होते. तिथल्या मध्यवर्ती बँकेला दोन वर्षांसाठी सल्लागार हवा होता, म्हणून गेले. वय बेचाळीस, मागे कुणी नाही, आणि लहान देशांनी आपलं चलन बाजारावर मोकळं सोडावं असं सांगणाऱ्या माझ्या एका निबंधाचं बऱ्यापैकी कौतुक झालेलं.

रुक्मामावशी माझ्या घरमालकीण. पूर्ण नाव रुक्मा भिवाजी. त्यांच्या पणजोबांना रत्नागिरीकडून उसाच्या मळ्यावर मजूर म्हणून आणलं होतं. त्यांचं नाव भिवाजी. गोऱ्या कारकुनानं तेच आडनावाच्या रकान्यात लिहिलं आणि पुढे चालत राहिलं. बाहेर मावशी क्रेओल बोलत, ती बेटावरची बाजारबोली. घरात मात्र शंभर वर्षांपूर्वीची वाटावी अशी मराठी. खाली त्यांची बेकरी होती आणि वरच्या खोलीत मी राहत होते. भट्टी लाकडावर चालायची. तीस वर्षांच्या धुरानं मावशींची छाती निकामी होत आली होती आणि डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं होतं, भट्टी बदला नाहीतर धंदा सोडा. विजेची भट्टी परदेशातून यायची, आठ हजार डॉलरना. नऊ वर्षं साठवून मावशींनी सव्वा लाख रुपये जमवले होते. तिथलं चलनही रुपयाच. पंधरा रुपयांना एक डॉलर, म्हणजे पैसे बरोबर पुरत होते. फक्त भट्टी आणणारा दलाल म्हणत होता, पुढच्या महिन्याच्या बोटीनं मागवली तर भाडं निम्मं पडेल. म्हणून हा प्रश्न.

बँकेत गव्हर्नर ओगुस्त मोरेल माझी वाट पाहत होते. पासष्टीचा, सडपातळ माणूस. उमेदीच्या काळात शाळेत गणित शिकवलेला.

“सहा आठवडे,” ते म्हणाले. “आपल्याकडचे डॉलर सहा आठवड्यांच्या आयातीला पुरतील. त्यानंतर तांदळाची बोट बंदराला लागेल तेव्हा तिच्या कप्तानाला मी काय देऊ, मादाम पाध्ये? नारळ?”

पंधराचा दर अकरा वर्षं तसाच होता. दुखणं तिथंच होतं. रुपया डॉलरला बांधलेला, पण देशाची मासळी विकली जायची युरोपात, आणि पर्यटक यायचे तेही तिकडचेच. डॉलर वर चढला की त्याच्याबरोबर आमचा रुपयाही चढायचा, आणि आमचे मासे फ्रान्समधल्या दुकानात महाग व्हायचे. डब्यांत मासळी भरणाऱ्या कारखान्यानं ऑगस्टात एक पाळी बंद केली होती. चारशे बायका घरी बसल्या होत्या.

“बांधायचाच कशाला? सोडून द्या,” मी म्हटलं. “दर बाजाराला ठरवू दे.”

मोरेल उठले आणि मला खिडकीशी घेऊन गेले. खाली शहराचा मुख्य चौक होता.

“मोजा,” ते म्हणाले. “त्या तीन बँका. पलीकडे दोन हॉटेलवाल्यांच्या कचेऱ्या. धक्क्यावर मासळीचा कारखाना. त्याच्याशेजारी तेलाची कंपनी. झाले किती?”

“सात.”

“या देशात मोठ्या प्रमाणात डॉलर घेणारे आणि विकणारे एवढेच. तुमच्या निबंधातला बाजार समुद्राएवढा आहे. हा हौद आहे. तेलवाल्यानं एका सकाळी एक बिल भरलं तरी पाणी काठाबाहेर जाईल, आणि त्या दुपारी कांद्याचा भाव बदलेल. कांदाही आपला बोटीनंच येतो.”

मला राग आला. मग लाज वाटली. सात महिने मी त्या चौकातून रोज जात-येत होते आणि मोजायचं मला सुचलं नव्हतं.

“मग पंधरावरच राहायचं?” मी विचारलं.

“तुम्ही सांगा. पण तुमच्या अहवालाच्या शेवटी एक तक्ता आहे, त्याच्याबद्दल सांगा. मला वाटतं तुम्ही तो नाइलाजानं जोडलाय.”

ते खरं होतं. तक्त्यात मी दुसरा एक मार्ग मांडला होता. रुपया एकट्या डॉलरला न बांधता ज्यांच्याशी देशाचा खरा व्यवहार आहे त्या सगळ्यांच्या चलनांना मिळून बांधायचा, ज्याच्याशी जितका व्यापार तितका त्याचा वाटा. मग डॉलर चढला तरी रुपया सगळाच्या सगळा त्याच्यामागे फरफटत जाणार नाही. पण आधी रुपयाची किंमत एकदाच, खरी असेल तिथपर्यंत खाली आणावी लागणार होती. माझ्या हिशेबानं डॉलरला एकोणीस.

दुपारभर आम्ही भांडलो. मोरेलना दर अठरा हवा होता. मी म्हटलं, एवढ्यानं कारखान्याची पाळी सुरू होणार नाही आणि वर्षभरात पुन्हा हेच करावं लागेल. त्यांनी ते मानलं. मग मी म्हटलं, तीन महिन्यांचं पीठ आणि तांदूळ सरकारनं आजच जुन्या दरानं घेऊन ठेवावा, म्हणजे पाव आणि भात एकदम महागणार नाहीत. त्यावर ते लगेच हो म्हणाले. खरी अडचण तिसऱ्या गोष्टीवर आली. रुपया कुठल्या चलनांना किती बांधलाय हे जाहीर करावं, रोजच्या वर्तमानपत्रात छापावं, असं माझं म्हणणं होतं.

“कुठलीच मध्यवर्ती बँक हे सांगत नाही,” मोरेल म्हणाले.

“मग आपण सांगू. शाळेतल्या पोरालाही सकाळी कागदावर गणित मांडून दर ताडून बघता आला पाहिजे.”

त्यांनी खिडकीतून खालच्या चौकाकडे पाहिलं. मग हसले. “गणिताच्या मास्तराला तुम्ही हे सांगता. बरं.”

चार वाजता अर्थमंत्री आले, तासभर बसले आणि सही करून गेले. शनिवारी दुपारी बँका बंद झाल्यावर रेडिओवर घोषणा, सोमवारी नवा दर.

“पंतप्रधान, मंत्री, मी आणि तुम्ही,” मोरेल फाइल बंद करत म्हणाले. “मागच्या वेळी, अकरा वर्षांपूर्वी, दर बदलायच्या दोन दिवस आधी बातमी फुटली. तेव्हाच्या मंत्र्याच्या मेहुण्यानं एका दुपारी पेटी भरून डॉलर नेले. या वेळी चौघांच्या पलीकडे एक अक्षर जायला नको.”

“नाही जाणार,” मी म्हटलं.

घराच्या वाटेवर बेकरीचा वास आला आणि सकाळचा प्रश्न आठवला. मी रस्त्यातच थांबले. एकोणीस गुणिले आठ हजार. एक लाख बावन्न.

मावशी ओट्याशी पीठ मळत होत्या. मला बघून हात पुसत म्हणाल्या, “हां, बोल. दलालाला परवा दुपारपर्यंत कळवायचंय. ह्या बोटीनं का पुढच्या?”

मी बाकावर बसले. ‘भरून टाका’ म्हटलं तर गुपित फुटलं. ‘मला यातलं काही सांगता येत नाही’ म्हटलं तरी फुटलं, कारण अशा वेळी न बोलणंही बोलण्यासारखंच असतं. दुसऱ्या दिवशी शेजारची, तिची बहीण, बहिणीचा नवरा, सगळी बँकेच्या दारात उभी राहिली असती. एरवीच्या एखाद्या दिवशी त्यांना जे सांगितलं असतं तेच, त्याच आवाजात सांगणं एवढीच एक वाट होती.

“तुम्हाला सोयीचं पडेल तसं करा, मावशी.”

“भाडं निम्मं पडतंय पुढच्या बोटीला.”

“हो. ते आहेच.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि समाधानानं मान हलवली. “मग थांबते. काही वाकडं असतं तर तू बोलली असतीस.”

मी वर गेले. दोनदा जिन्यापर्यंत आले. दुसऱ्यांदा खालून त्यांचा खोकला ऐकू आला, तो कोरडा, थांबता न थांबणारा खोकला, आणि मी तीन पायऱ्या उतरलेही. मग परत फिरले.

शुक्रवारी दुपारी बाराला मी कचेरीतल्या घड्याळाकडे बघत बसले होते. मोरेल काही कागद घेऊन आले आणि माझा चेहरा बघून थांबले. मी त्यांना सांगितलं. दलाल, भट्टी, छाती, सगळं.

“तुम्ही बोलला नाहीत?”

“नाही.”

ते काहीतरी धीराचं बोलतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, “तिचं नाव काय?” मी सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि गेले.

शनिवारी दुपारी एक वाजता मी मुद्दाम बेकरीत होते. ती बातमी त्यांनी मी समोर नसताना ऐकावी हे मला पटत नव्हतं. रेडिओवर मोरेलांचा आवाज आला, शाळेत धडा सांगावा तसा सावकाश. नवा दर, का बदलला, रुपया आता कशाला बांधलाय, पीठ आणि तांदूळ तीन महिने जुन्याच भावानं मिळेल. मावशींनी सगळं ऐकून घेतलं. मग रेडिओ बंद केला.

“तुला बुधवारी ठाऊक होतं?”

“सकाळी नव्हतं. संध्याकाळी होतं.”

“म्हणजे मी विचारलं तेव्हा.”

“हो.”

त्यांनी मळलेल्या पिठावर ओलं फडकं झाकलं. फडक्याच्या कडा सारख्या केल्या.

“मावशी, फरकाचे पैसे मी देते. माझ्याकडे आहेत.”

“तुझा पगार डॉलरात ना?”

“हो.”

“मग तुझं काय गेलं? उलट वाढलेच की तुझे.” त्यांचा आवाज चढला नाही, हेच मला लागलं. “तुझे पैसे मला नकोत. मी विचारलं होतं ते पैसे मागायला नव्हतं विचारलं.”

रविवारी त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. जिन्याशी नेहमी पाव ठेवलेला असायचा, तो नव्हता. मी सामान आवरलं आणि सोमवारी दुसरी खोली बघायची असं ठरवलं.

सोमवारी साडेसातलाच चौक भरला. बँका आठला उघडणार होत्या आणि तिन्ही दारांसमोर रांगा होत्या. मोरेल आणि मी खिडकीतून बघत होतो.

“दोनशे असतील,” मी म्हटलं.

“जास्त. दुपारपर्यंत हजार झाले तर काय होईल, तुम्हाला ठाऊक आहे.”

ठाऊक होतं. सगळ्यांनी हातातले रुपये देऊन डॉलर मागितले तर सहा आठवड्यांचा साठा चार दिवसांत संपला असता. मग एकोणीसही टिकला नसता आणि आमचा तो छापील तक्ताही. मला वर बसवेना. मी खाली चौकात गेले.

रांगेत कारखान्यातून काढलेल्या बायका होत्या, टॅक्सीवाले होते, एक पाद्रीही होता. बारा वर्षं वापरल्यासारख्या मळक्या पिशव्या प्रत्येकाच्या छातीशी. एका टॅक्सीवाल्यानं मला ओळखलं.

“ही बघा! बँकेतली परदेशी बाई! हिनंच केलंय हे.” मग रांगेकडे वळून तो ओरडला, “तुम्हाला काय वाटतं, हिनं आपल्या माणसांना आधी नसेल सांगितलं? मेहुण्यांनी पेट्या केव्हाच भरल्या असतील. आता उरलंसुरलं आपल्याला!”

लोक माझ्याभोवती जमू लागले. मी काही बोलणार तेवढ्यात मागून कुणीतरी मला कोपरानं बाजूला सारलं. रुक्मामावशी. हॉटेलला पाव पोचवून येत होत्या, रिकामी टोपली कमरेला.

“हिनं सांगितलं?” त्या क्रेओलमध्ये कडाडल्या. “हिनं? ही माझ्या घरात राहते. माझ्या हातचा पाव खाते. मी हिला तोंडावर विचारलं, पैसे आत्ता भरू का मग भरू. हिला सगळं ठाऊक होतं! आणि ही दगडासारखी बसून मला म्हणते, सोयीचं पडेल तसं करा! सत्तावीस हजार कमी पडतायत मला आता भट्टीला. नऊ वर्षं साठवलेत मी. आणि तू म्हणतोस हिनं आपल्या माणसांना सांगितलं? सांगितलं असतं तर मी इथं काय बोंबलत उभी राहिले असते?”

त्या मला वाचवायला आल्या नव्हत्या. खरोखर चिडल्या होत्या, तीन दिवसांचं तुंबलेलं सगळं बाहेर पडत होतं, आणि बोलता बोलता खोकला आला तशा गुडघ्यांवर हात टेकून वाकल्या. मी पाठीवर हात ठेवला तो त्यांनी झटकला.

रांगेतली एक बाई पुढे आली. सिल्वी म्हणून होती, कारखान्यातली, मावशींची रोजची गिऱ्हाईक.

“रुक्मा, खरंच तुला नव्हतं ठाऊक?”

“आई शपथ नव्हतं.”

“तुझ्याच घरात राहते आणि तुलाही नाही सांगितलं?”

“तेच तर सांगते कधीची!”

सिल्वीनं माझ्याकडे नीट निरखून पाहिलं. मग मागे वळून म्हणाली, “रुक्माला नव्हतं ठाऊक. तर मग मेहुण्यालाही नसणार.”

कुणीतरी हसलं. मग दुसरं कुणी. टॅक्सीवाला म्हणाला, “तो पेटीवाला मेहुणा ना? शनिवारी मला रस्त्यात भेटला तर डोकं धरून बसला होता,” आणि यावर सगळेच हसले. सिल्वीनं पिशवी काखेत मारली. “आज पीठ जुन्याच भावानं आहे म्हणतात. मी ते आणते आधी,” म्हणाली आणि रांगेतून बाहेर पडली. तिच्यामागून दोघी गेल्या. सगळे गेले नाहीत. पण दहा वाजता रांगा निम्म्या झाल्या होत्या, आणि ही गोष्ट माझ्याही आधी सगळ्या बेटावर पोचली. दुपारी बंदरावरचे हमाल एकमेकांना सांगत होते, बँकेतल्या बाईनं घरमालकिणीलासुद्धा नाही सांगितलं.

वर गेले तेव्हा मोरेल खिडकीशीच उभे होते. इतक्या वरून शब्द ऐकू आले नव्हते, पण रांग मोडताना त्यांनी पाहिली होती.

“काय सांगितलंत त्यांना?”

“मी काहीच नाही. रुक्मा भिवाजींनी मला शिव्या दिल्या.”

त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि हळूच खुर्चीत बसले. “अकरा वर्षांपूर्वी दर चुकला नव्हता,” ते म्हणाले. “गणित माझंच होतं, बरोबर होतं. पण त्या पेटीनंतर लोकांनी आमच्या कुठल्याच आकड्यावर विश्वास ठेवला नाही. जो तो डॉलर घेऊन गादीखाली ठेवू लागला. मी इतकी वर्षं बरोबर दर शोधत होतो.” आणि त्यांनी समोरचा छापील तक्ता पुढे ओढला.

त्या दिवशी बँकांनी जेवढे डॉलर विकले ते आमच्या भीतीच्या पाव पटही नव्हते. पुढच्या आठवड्यात लोक उलट घरातले डॉलर घेऊन येऊ लागले, काही नोटांना डांबरगोळ्यांचा वास. फेब्रुवारीत कारखान्याची बंद पाळी सुरू झाली.

मी खोली बदलली नाही. त्या सोमवारी संध्याकाळी सामान घेऊन खाली उतरले तेव्हा मावशी दाराशीच होत्या. “कुठं निघालीस?” म्हणाल्या. मी म्हटलं, मला वाटलं तुम्हाला मी नको असेन. “नकोच आहेस,” त्या म्हणाल्या. “पण राग माझा आहे, तो घरात ठेवून तू कुठं जातेस? बस, जेव.” राग जायला पावसाळा उजाडला. भट्टी यायला चौदा महिने लागले. दुसरी पाळी सुरू झाल्यावर पाव जास्त खपू लागला म्हणून, नाहीतर दोन वर्षं लागली असती. मधल्या त्या थंडीत त्यांना दोनदा इस्पितळात ठेवावं लागलं. दोन्ही वेळा मी उशाशी होते आणि दोन्ही वेळा मला वाटलं, बुधवारी सांगितलं असतं तर. आजही वाटतं. न सांगणं बरोबर होतं हे ठाऊक असूनही वाटतं.

मी मुंबईला परतले. चार वर्षांनी जगभर तेलाचे भाव भडकले आणि सांतोदिलचा दर पुन्हा बदलणार अशी आवई उठल्याचं मी वाचलं. मोरेल तेव्हा निवृत्त झाले होते. राहवेना म्हणून मी बेकरीत फोन लावला. मावशींचा आवाज स्वच्छ होता, धापही नव्हती.

“बँकांपुढे रांगा लागल्यात का?” मी विचारलं.

“रांगा कसल्या! लोक रोज सकाळी पेपरात आकडे बघतात, बेरजा करतात, आपसात वाद घालतात. चार जण आले होते इथं मला विचारायला. म्हणे, रुक्मा, तुझ्या त्या बाईला विचार, दर बदलणार का.”

“मग तुम्ही काय सांगितलंत?”

“मी म्हटलं, ज्याला ठाऊक असेल तो सांगणार नाही, आणि जो सांगेल त्याला ठाऊक नसेल. उगाच पाय कशाला दुखवता?”

“आणि गेले?”

“गेले की,” मावशी म्हणाल्या. “पाव घेऊन गेले.”